दोनशे सतरावा बार

"या आवृत्तीत एक चूक दाखवा! एक! सापडायचीच नाही, म्हणून तर बिनधास्त शोधा म्हणतो!"

असं तळटीपराव संगीत-संशोधन संस्थेच्या बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाले आणि वर टेबलावर हात आपटला. संचालिकाबाईंचा चहा कपातून बशीत आला आणि बशीतून त्यांच्या साडीवर. त्यांनी रुमालाने साडी टिपली, एवढंच. नऊ वर्षं वाट बघितल्यावर माणसाचा चहाबिहाशी लोभ राहत नाही.

तळटीपराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांना कुणी "किती वाजले?" म्हणून विचारलं, तर ते म्हणत, "सव्वातीन. मात्र भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन दिसतात, आणि दोन्हींपैकी विश्वासार्ह कोणतं याविषयी मतभेद आहेत." असं उत्तर देणाऱ्या माणसाला दुसरं काय नाव पडणार? संस्थेतल्या शिपायापासून संचालिकाबाईंपर्यंत सगळे त्यांना तळटीपरावच म्हणत. तेही ओ देत.

नऊ वर्षं ते एका पियानो कॉन्चेर्टोच्या मागे लागले होते. कॉन्चेर्टो म्हणजे एकीकडे एकटा पियानो आणि दुसरीकडे अख्खा वाद्यवृंद, आणि दोघांचं तीन भागांत रंगलेलं संभाषण. लिहिणारा संगीतकार दोनशे वर्षांपूर्वी वारला होता. त्याचं अक्षर असं, की शाईत बुडालेली कोंबडी कागदावरून पळत गेली असावी! त्याच्या हाताची मूळ प्रत, कुणा नकलनविसाने केलेली नक्कल आणि पहिली छापील आवृत्ती, या तिन्ही समोर ठेवून तळटीपराव भिंगातून एकेक स्वर तपासत. हा ठिपका स्वराचा की माशीचा? ही रेघ मुद्दाम ओढली की लेखणी घसरली? संस्थेतली त्यांची खोली मोटारी दुरुस्त करायच्या गॅरेजवर उघडायची. खाली हातोडे चालत, वर भिंग चाले. संगीताची पानं झाली ऐंशी आणि त्यावरच्या टिपांची तीनशे!

या आवृत्तीचा पहिला जाहीर प्रयोग रविवारी दुपारी ठरला होता. आणि पियानोवर कोण? तर तळटीपरावांची बायको!

त्याचं असं झालं, की एका नामांकित पियानोवादकाला आधी बोलावलं होतं. त्याने पानं चाळली, टिपा चाळल्या, आणि त्याचं मनगट अचानक दुखायला लागलं. तेव्हा कंडक्टरसाहेब म्हणाले, "तुमच्या घरात वाजवतात ना?" (कंडक्टरसाहेब म्हणजे वाद्यवृंदाचे. तिकिटं फाडणारे नव्हेत. हे फक्त माणसं फाडत.) बायको वाजवायची, आणि असं वाजवायची की जिन्यातून जाणारी माणसं पायरीवर बसून राहायची. पण लग्न झालं, शाळेत संगीत शिकवायची नोकरी लागली, आणि मोठ्या सभागृहात वाजवायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आता ही संधी चालून आलेली. चार महिने ती शाळेतून आली की पर्स न काढताच पियानोवर बसत होती. घर तिसऱ्या भागाच्या लयीत चालायला लागलं होतं. तळटीपरावांच्या मातोश्री भाजीसुद्धा त्याच लयीत चिरायच्या.

सगळं कसं छान चाललं होतं. वाद्यवृंदाच्या प्रती छापून झाल्या होत्या. तालमी झाल्या होत्या. मुख्य पुस्तक तेवढं छापखान्यात शेवटच्या होकाराची वाट बघत होतं. आणि शुक्रवारी सकाळी तळटीपराव आंघोळीला गेले.

ते गेले नसते तर बरं झालं असतं!

उजव्या हाताला साबण लावून झाल्यावर त्यांनी पुन्हा उजव्याच हाताला साबण लावायला घेतला, आणि जागच्या जागी थिजले. 'अरे! हा हात तर आत्ताच धुतला!' दुसऱ्या क्षणी त्यांच्या डोक्यात वीज चमकली. दोनशे सतरावा बार!

बार म्हणजे काय ते सांगतो. या संगीतात उभ्या रेघा मारून कप्पे पाडलेले असतात. त्या एकेका कप्प्याला बार म्हणतात. तर कॉन्चेर्टोच्या तिसऱ्या भागातला दोनशे सतरावा बार हुबेहूब दोनशे सोळाव्यासारखाच होता. स्वरही तेच, लयही तीच. मूळ प्रतीत दोनशे सोळावा पानाच्या शेवटी येत होता आणि दोनशे सतरावा पुढच्या पानाच्या सुरुवातीला. म्हणजे काय झालं असणार? संगीतकाराने पान उलटलं, तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली, आणि परत येऊन त्याने धुतलेला हातच पुन्हा धुतला! नकलनविसाने तसंच उतरवलं, छापणाऱ्याने तसंच छापलं. दोनशे वर्षं जगाला पत्ता नाही!

तळटीपराव पंचा गुंडाळून, एका अंगाला साबण, एक अंग कोरडं, अशा अवस्थेत बाहेरच्या खोलीत धावले.

"दोनशे सतरावा बार उडवला!" ते ओरडले.

बायको पियानोवर होती. तिने वळून आधी फरशीवरच्या पाण्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "काय उडवला?"

"बार! तो चुकून आलाय. दोनदा लिहिला गेलाय. काढायचा!"

"तो नाही काढायचा," बायको शांतपणे म्हणाली.

"का?"

"मी तिथं श्वास घेते."

"म्हणजे?"

"म्हणजे नाकाने आत आणि नाकाने बाहेर. त्याच्या आधी दोन पानं नुसती पळापळ आहे. पुढं तर कडाच आहे. तो बार तेवढा माझा आहे. तो काढलास तर मी धापा टाकत कड्यावरून खाली पडेन."

"अगं, पण शास्त्र..."

"शास्त्राला म्हणावं, येऊन वाजव."

"दोनशे वर्षांची चूक केवळ तुझ्या श्वासासाठी ठेवायची?"

हे वाक्य बोलायला नको होतं. ते तोंडातून सुटलं तेव्हाच त्यांना कळलं, पण सुटलेल्या वाक्याला खोडरबर नसतं. बायकोने पियानोचं झाकण लावलं. हळूच लावलं. आपटलं असतं तर परवडलं असतं!

त्या क्षणापासून घरात अबोला सुरू झाला.

तळटीपरावही हट्टाला पेटले. तडक कंडक्टरसाहेबांकडे गेले. साहेब एका पायात बूट घालत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकच बार कमी? शंभर काढा की! घरी लवकर जाता येईल."

"पण पियानोवर..."

"तुमच्या बायकोला तुम्ही घरातल्या घरात सांगा. त्यात मी कशाला?"

मग वाद्यवृंदाच्या प्रती सांभाळणाऱ्या कपाटबाईंना निरोप गेला. त्यांनी शिसपेन्सिल घेऊन प्रत्येक प्रतीतल्या दोनशे सतराव्या बारवर फुली मारली. पहिल्या व्हायोलिनपासून शेवटच्या टिंपनीपर्यंत, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांपर्यंत, आणि कंडक्टरसाहेबांच्या जाडजूड प्रतीतसुद्धा. काम चोख. राहिली फक्त बायको.

तिला सांगायचं कुणी? अबोला होता. मध्ये होत्या मातोश्री.

शनिवारी सकाळी बायको स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, त्याला सांगा, बार काढायचा असेल तर पियानोही काढ म्हणावं घरातून, आणि बायकोही!"

"सांगते हं," म्हणून मातोश्री अभ्यासाच्या खोलीत गेल्या.

तळटीपराव कागदांच्या ढिगाऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "आई, तिला सांग, शास्त्राच्या बाबतीत मी सख्ख्या बापाचंही ऐकणार नाही!"

मातोश्री दोन खोल्यांच्या मधल्या बोळात क्षणभर उभ्या राहिल्या. त्यांच्या आयुष्याची चाळीस वर्षं तळटीपरावांचे वडील आणि काका यांच्यातले निरोप पोचवण्यात गेली होती. कुठला निरोप कसा पोचवायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "ती म्हणते, तुझंच खरं. काढ म्हणते तो बार."

मग स्वयंपाकघरात जाऊन सुनेला म्हणाल्या, "तो म्हणतो, तुझंच खरं. राहू दे म्हणतो तो बार."

दोन्ही निरोपांत मूळचा एक शब्द शिल्लक नव्हता. तळटीपरावांनी ज्या नकलनविसांच्या नावाने जन्मभर बोटं मोडली, त्यांच्यातला सगळ्यात पट्टीचा त्यांच्याच घरात राहत होता!

बायको खूश झाली. पण त्याने स्वतः येऊन सांगावं म्हणून तिने अबोला चालूच ठेवला. आणि तळटीपराव? ते हादरले. लग्न झाल्यापासून "तुझंच खरं" हे शब्द त्यांनी घरात ऐकले नव्हते. सून म्हणून, बायको म्हणून, माणूस म्हणून ती थोर आहे, असं त्यांना एकाएकी वाटायला लागलं. जेवताना त्यांनी चोरून तिच्याकडे बघितलं. चार महिन्यांत किती वाळली होती! आणि आपण तिचा श्वास काढून घेतला. एक श्वास! कशासाठी? तर आपण आंघोळीत एक हात दोनदा धुतला म्हणून!

ते ताटावरून अर्धपोटी उठले.

रविवारी सकाळी सभागृहात शेवटची तालीम होती. पण पियानो सुरात लावणारा माणूस एका तारेशी इतका वेळ झोंबत बसला, की पहिला भाग कसाबसा झाला, दुसरा निम्मा झाला, आणि जेवायची वेळ होताच वादक वाद्यं आवरून उठले. तिसऱ्या भागाला कुणी हातच लावला नाही.

"येतोय सगळ्यांना!" म्हणून कंडक्टरसाहेबही गेले. बायको आतल्या खोलीत जाऊन पडली.

रंगमंच रिकामा. स्टँडवर प्रती उघड्या. तळटीपराव एका कोपऱ्यात उभे होते. त्यांचा हात खिशात गेला. खिशात खोडरबर होतं.

त्या क्षणी त्यांनी आयुष्यातला पहिला अशास्त्रीय निर्णय घेतला. बार परत द्यायचा! सगळ्या फुल्या खोडायच्या, मग आत जाऊन बायकोला सांगायचं, 'घे तुझा श्वास!' तिच्या चेहऱ्यावर काय भाव येतील, या कल्पनेनेच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाण्यामुळे पहिल्या व्हायोलिनच्या प्रतीत दोनशे सतराऐवजी दोनशे सोळावाच घासला गेला, तो पुन्हा नीट करावा लागला.

पहिली व्हायोलिन झाली. दुसरी झाली. व्हायोला झाला, चेलो झाले. डबल बासच्या प्रतीपाशी तंतुवाद्यांतली शेवटची फुली खोडली आणि खोडरबर हातातून निसटून घरंगळत पियानोखाली गेलं. तळटीपराव गुडघ्यांवर बसून रांगत आत शिरले. खोडरबर सापडलं, पण बाहेर येताना समोर दोन काळे बूट दिसले.

"या बाहेर!" बूट म्हणाले. म्हणजे बुटांतला दरवान म्हणाला.

"मी संपादक आहे!"

"कशाचा?"

"या कॉन्चेर्टोचा!"

"मग पियानोच्या खाली काय संपादन करताय?"

"माझी बायको वाजवणार आहे आज!"

"मागे एकजण म्हणाला, माझे वडील चेलो वाजवतात. मी सोडला. वडील काही दिसले नाहीत, चेलोही त्यानंतर दिसला नाही." दरवानाने त्यांच्या दंडाला धरलं. "हातात काय आहे?"

"खोडरबर."

"काय खोडलंत?"

"एक बार... म्हणजे, खोडलेला होता तो खोडला नाही. खोडलेलं खोडलं!"

दरवानाचा चेहरा आणखीच कठोर झाला. त्याने तळटीपरावांना नेऊन प्रेक्षकांचे कोट ठेवायच्या खोलीत बसवलं, दार ओढून घेतलं आणि स्वतः दाराशी ठाण मांडलं.

"बासरी राहिलीय हो! क्लॅरिनेट राहिलीय! हॉर्न, टिंपनी सगळं राहिलंय!" आतून तळटीपराव ओरडत होते.

"ते घ्यायला आता परत मिळायचं नाही," दरवान म्हणाला.

हळूहळू प्रेक्षक यायला लागले. खुंट्या भरत चालल्या. ओल्या लोकरीच्या वासात तळटीपराव कोटांमध्ये कोटासारखेच लोंबत उभे होते. आणि मग दारात मातोश्री आल्या, शाल ठेवायला.

"अरे, तू इथं काय करतोस?"

"आई! याला सांग मी कोण आहे ते!"

मातोश्रींनी दरवानाकडे बघितलं. "माझा मुलगा आहे हो. काय केलंय त्याने?"

दरवान ओशाळला, बाजूला झाला. तळटीपराव बाहेर आले ते आईचा हात धरूनच. "आई, तिला तिचा बार परत दिला मी! निम्म्यांच्या फुल्या खोडल्यात. आता आत जाऊन तिला सांगतो, आणि बाकीच्यांचं..."

"तिला काय सांगायचंय आता?" मातोश्री म्हणाल्या. "तिला कालच सांगितलं की, तू बार ठेवलास म्हणून."

"मी कुठं ठेवला होता? तिनेच काढ म्हटलं ना?"

मातोश्री खुंटीवरच्या कोटांकडे बघायला लागल्या.

"आई?"

"तसं शब्दशः नाही म्हणाली," मातोश्री म्हणाल्या.

तेवढ्यात आतून टाळ्या कडाडल्या. कंडक्टरसाहेब रंगमंचावर आले होते. दारं लागत होती. तळटीपरावांच्या पायाखालची जमीन सरकली, ती सरकतच राहिली. सगळी व्हायोलिनं आणि चेलो बार वाजवणार. बायको बार वाजवणार. बासऱ्या, क्लॅरिनेट, हॉर्न आणि टिंपनी वाजवणार नाहीत. कंडक्टरसाहेबही तो मोजणार नाहीत! अर्धा वाद्यवृंद तिसऱ्या भागात अर्ध्या वाद्यवृंदाला मागे टाकून पुढं जाणार, आणि मध्ये आपली बायको, एकटी, कड्यावर!

मातोश्रींनी त्यांना तिसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. नव्हे, ठेवलं.

पहिला भाग सुरू झाला. कंडक्टरसाहेबांची पाठ प्रेक्षकांकडे. त्या पाठीला तळटीपराव डोळ्यांनी विनवत होते. पाठींना कान नसतात, डोळेही नसतात. मग त्यांनी बायकोला खुणा करायला घेतल्या. दोन बोटं, मग एक, मग सात. पुन्हा दोन, एक, सात. शेजारच्या गृहस्थांनी खुर्ची जरा लांब ओढली. पियानोच्या एका विश्रांतीत बायकोची नजर त्यांच्याकडे वळली. बोटं नाचवणारा, घामाने निथळणारा, डोळे ओले झालेला नवरा तिला दिसला. तिला वाटलं, तो तिला धीर देतोय. ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा हसली!

ते हसू बघून तळटीपरावांना जे वाटलं, ते फाशीच्या कैद्यालाही वाटत नसावं.

दुसरा भाग संथ होता. नऊ वर्षं तळटीपराव म्हणत आले होते, की हा भाग फार लांबलाय. आज तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपला. आणि बायको काय वाजवत होती! शेजारचे गृहस्थ खुर्ची परत जवळ ओढून डोळे मिटून बसले होते. सगळं सभागृह तिच्या बोटांत अडकलं होतं. 'आत्ताच थांबव,' तळटीपराव मनात म्हणत होते, 'आत्ताच दिवे जाऊ देत, छप्पर पडू दे, काहीही होऊ दे!'

काही झालं नाही. तिसरा भाग सुरू झाला.

दोनशे दहा. पळापळ. दोनशे चौदा. दोनशे पंधरा. तळटीपरावांनी आईचा हात घट्ट धरला. दोनशे सोळा.

आणि बार उडाला!

टिंपनीवाला एक बार आधीच कडाडला. त्या आवाजाने एक बासरीवाली दचकली आणि एकदम वरच्या पट्टीत शिरली. हॉर्नवाले आपल्या जागी आले, म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या मते भलत्याच जागी. भांड्यांनी भरलेलं कपाट जिन्यावरून खाली सोडावं आणि वरून कुणीतरी त्याला अंगाई म्हणावी, असा तो आवाज! कंडक्टरसाहेबांचे दोन्ही हात दोन दिशांना गेले. वादक भले लोक होते. प्रत्येकाला वाटलं, आपलंच चुकलं. मग जो तो दुसऱ्याशी जुळवून घ्यायला लागला. पुढचे मागे आले, मागचे पुढं गेले, आणि पुन्हा चुकामूक झाली! एकेक करून सगळे थांबले. शेवटी फक्त एक म्हातारा डबल बासवाला मान खाली घालून वाजवत राहिला. त्याला कोपराने ढोसल्यावर तोही थांबला.

सभागृहात कुणीतरी खोकलं आणि खोकून पस्तावलं.

कंडक्टरसाहेबांनी कपाळ पुसलं. "पुन्हा घेऊ. दोनशे सतरापासून."

"आमच्याकडे दोनशे सतरा नाही!" बासरीवाली म्हणाली.

"आमच्याकडे आहे!" व्हायोलिनवाले म्हणाले.

"माझ्याकडे नाही," कंडक्टरसाहेबांनी आपली प्रत बघितली.

"माझ्याकडे आहे," बायको म्हणाली. आवाज शांत होता. झाकण लावताना होता तसा.

"अहो, मग आहे की नाही?" कंडक्टरसाहेब भर सभागृहात ओरडले. "संपादक कुठं आहेत?"

सगळा वाद्यवृंद वळला. मग पहिली रांग वळली. पहिल्या रांगेत संचालिकाबाई होत्या. तळटीपरावांना उभं राहावंच लागलं. उभे राहिले म्हणजे आई खालून ढकलत होती म्हणून.

नऊ वर्षं. ऐंशी पानं. तीनशे पानांच्या टिपा. ते तोंड उघडतील आणि सांगतील, म्हणून सगळे ताटकळले होते. तळटीपरावांनी बायकोकडे बघितलं. मूळ प्रतीतलं ते पान डोळ्यांपुढं आणलं. पान उलटताना त्या माणसाला खरंच कुणी हाक मारली होती का? की त्यालाही, पळापळीनंतर, एक श्वास हवा होता?

"मला माहीत नाही!" तळटीपराव म्हणाले आणि खाली बसले.

सभागृहात कुजबुज झाली. बायको उठली, कंडक्टरसाहेबांच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलली. साहेबांनी मान हलवली आणि व्हायोलिनवाल्यांकडे वळून दोन बोटांची कात्री करून हवेत कच्चकन कापलं. तळटीपरावांना वाटलं, आपल्या मुंडक्याविषयीच बोलणं चाललंय. त्यांची तयारी होती.

मग बायको पुन्हा पियानोवर बसली आणि थोड्या आधीपासून सुरुवात झाली. पळापळ आली. तळटीपरावांनी डोळे मिटून घेतले. आणि बरोबर त्या जागी, त्या दोनशे सतराव्या बारमध्ये, त्यांना तो ऐकू आला. श्वास! सगळं क्षणभर थांबल्यासारखं झालं, आणि मग ती कड्यावरून अलगद खाली उतरली. त्यांच्या अंगावर काटा आला. डोळे वाहायला लागले. नऊ वर्षांत जे भिंगातून दिसलं नव्हतं, ते आज कानांनी दाखवलं! तो बार हवाच होता. कसली चूक नि कसलं काय!

शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. किती वेळा बायकोला परत बोलावलं! दरवानसुद्धा दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता.

संध्याकाळी घरी बायको सोफ्यावर पाय पसरून बसली होती. तळटीपराव तिच्यासमोर स्टुलावर येऊन बसले. 

"तूच बरोबर होतीस. आज पटलं. तो बार पाहिजेच. काय श्वास घेतलास तिथं! अंगावर काटा आला माझ्या."

"कुठं?"

"दोनशे सतराला."

बायकोने हातातला पेला खाली ठेवला. "दोनशे सतरा मी वाजवलाच नाही."

तळटीपरावांना नीट ऐकू आलं नाही. म्हणजे, ऐकू आलं.

"साहेबांना सांगितलं, काढून टाका," बायको म्हणाली. "बासरीवाली बिचारी रडकुंडीला आली होती. कुणीतरी माघार घ्यायलाच हवी होती. त्यांनी व्हायोलिनवाल्यांना कात्रीची खूण केली. दिसली नाही तुला?"

"दिसली," तळटीपराव म्हणाले. "मग श्वास कुठं घेतलास?"

"घेतलाच नाही. इतकी चिडले होते, की श्वासाची गरजच पडली नाही!" ती जरा थांबली. "आणि खरं सांगू? त्याच्याशिवायच बरं वाटलं. तुझंच खरं. काढ तो बार."

आतल्या खोलीतून मातोश्रींचा आवाज आला, "बघ! मी काय सांगितलं होतं?"

सोमवारी सकाळी संचालिकाबाईंनी तळटीपरावांना बोलावून घेतलं. छापखान्याचा माणूस फोनवर होता. यंत्र सुरू करायचं होतं.

"तो बार ठेवायचा की काढायचा?" बाईंनी विचारलं.

तळटीपरावांनी खिशातलं खोडरबर चाचपलं.

"कागदांवरून ठरत नसेल तर राहू दे. तुम्ही काल समोर बसून ऐकलंत ना? तुमच्या कानांना काय वाटलं?"

"बाई," तळटीपराव खाली बघत म्हणाले, "काहीही विचारा, पण माझ्या कानांचं तेवढं विचारू नका!"